घरची फोर बाय फोर कोकणातल्या अवघड वाटांसाठी : टप्प्याटप्प्याने तयारी

हा लेख अशा घरांसाठी आहे, जिथे दारात थार, जिम्नी, गुरखा किंवा जुनी जिप्सी उभी आहे आणि तीच एकुलती एक गाडी आहे. ती मुलांना शाळेत सोडते, गणपतीत मुंबईहून आलेल्यांना स्टेशनवरून आणते, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या वाहते. आता हीच गाडी सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या), घाटाच्या पायथ्याच्या, पऱ्या (ओढा) ओलांडून वाडीवर जाणाऱ्या वाटांवर न्यायची हौस आहे. मी स्वतः यातून गेलो आहे आणि आजही तीच गाडी घरच्या कामाला वापरतो.

दुकानात शिरलात की सगळं एकदम बसवून द्यायला लोक तयारच असतात: उंची वाढवा, मोठे टायर घाला, लोखंडी बंपर लावा, छतावर दिवे चढवा. खिशाला चांगली चाट बसते आणि एवढं करून गाडी पहिल्या ओल्या उतारावर अडकली, तर ओढायला डिकीत साधा पट्टाही नसतो. माझ्या मते क्रम असा हवा: आधी सुटकेचं सामान, मग टायर, मग पोटाखालचं संरक्षण आणि त्यानंतर वाटलंच तर उंची. दोन टप्प्यांमध्ये किमान एक मोसम जाऊ द्या. गाडी नेमकी कुठे अडते, काय घासतं, हे कळल्याशिवाय पुढचा पैसा घालू नका.

१. आधी आहे ती गाडी नीट ओळखा

सेकंडहँड घेत असाल तर पहिली खात्री करा की गाडी खरोखर फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी, आहे. थारचे २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारे प्रकारही विकले जातात, आणि बाहेरून फरक पटकन कळत नाही. गिअरच्या दांड्याशेजारी फोर-लोचा (चारही चाकं, हळू पण जास्त ताकदीने) दुसरा दांडा आहे का, ते बघा.

कंपनीचे आकडे पाठ असू द्या. २०२०च्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर आणि पाण्यात उतरण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर आहे, तर जिम्नीचा क्लिअरन्स २१० मिलिमीटर. कंपनीची ही गाडी तशीच, काहीही न बदलता, नवख्या चालकाच्या कुवतीपेक्षा खूप पुढे जाते. म्हणून पहिला खर्च देखभालीवर करा: सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट, ब्रेक, इंजिन माउंट, बॅटरीचा क्लॅम्प, सगळी ऑइलं. सैल बॅटरी डांबरावर वर्षभर टिकते आणि कातळावर अर्ध्या तासात उड्या मारायला लागते.

सराव दिवाळीनंतर सुरू करा, जमीन सुकल्यावर. सपाट कातळ, मग सौम्य चढ, मग त्याच चढावरून खाली. उतरताना फोर-लो, पहिला गिअर, क्लचवरून पाय बाजूला. इंजिनच गाडी रोखून धरतं, ब्रेकला नुसता स्पर्श पुरतो. थार आणि जिम्नीत मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही, त्यामुळे सुक्या डांबरावर फोर-हाय (चारही चाकं, नेहमीच्या वेगाने) लावून वळू नका. चाकं फिरवणाऱ्या दांड्यांवर ताण साठतो आणि गिअर अडकतो. घरातल्या दुसऱ्या माणसालाही चालवायला शिकवा आणि बाहेर उभं राहून हाताच्या खुणांनी वाट दाखवायलाही. चालकाला पुढचं डावं चाक दिसत नाही, ते बाहेरच्याला दिसतं.

२. कागदपत्रं आणि कायदा

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण इथेच घोडं पेंड खातं. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ नोंदीशी जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढच्या लोखंडी क्रॅश गार्डविरुद्ध केंद्राने डिसेंबर २०१७मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं.

म्हणून मी बदलांचे दोन गट करतो. गाडीत ठेवायचं सामान, तेवढ्याच मापाचे चांगले टायर आणि पोटाखालच्या प्लेटा यांत सहसा अडचण येत नाही. उंची, मोठे टायर, बंपर, विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र), जादा दिवे या दुसऱ्या गटातलं काहीही करण्याआधी आरटीओत लेखी विचारा. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा. न कळवलेल्या बदलाचं कारण देऊन दावा नाकारला गेला, तर नंतर भांडून फारसं काही हाती लागत नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर सर्व्हिस सेंटरकडून ईमेलवर उत्तर घ्या. तोंडी ‘चालतंय हो’ला अर्थ नाही.

जवळ ठेवायचे कागद:

- आरसी, चालू विमा, पीयूसी, लायसन्स. डिजिलॉकरमध्ये आणि छापील, दोन्ही, कारण घाटाखाली रेंज नसते
- बसवलेल्या प्रत्येक वस्तूचं बिल आणि बसवण्यापूर्वीचे-नंतरचे फोटो
- विमा कंपनीला पाठवलेलं पत्र आणि त्याचं उत्तर
- वनखात्याची हद्द लागत असेल तर परवानगीचा कागद
- काढलेले मूळ भाग घरी जपून ठेवल्याची यादी. गाडी विकताना किंवा तपासणीला ते परत बसवावे लागतात

३. सुटकेचं सामान

पहिला मोठा खर्च इथे. आधी गाडीला ओढायची जागा कोणती, ते मॅन्युअलमध्ये शोधा. चेसिसला खाली दिसणारी प्रत्येक कडी ओढण्यासाठी नसते. काही कड्या ट्रकवर गाडी बांधण्यापुरत्या असतात आणि झटका बसला की उपटतात. टो-हिचच्या गोल बॉलला पट्टा कधीही अडकवू नका. बॉल तुटला तर तो मागच्या गाडीची काच फोडून आत येतो, आणि जगात यात माणसं गेली आहेत.

घ्यायच्या वस्तू:

- ताणला जाणारा नायलॉनचा कायनेटिक दोर, साधारण ९ मीटर, तुटण्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दोन ते तीन पट
- न ताणला जाणारा रुंद पट्टा, झाडाला गुंडाळायला
- पाऊण इंची बो-शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी) दोन, ज्यांच्यावर ४.७५ टन असं कोरलेलं आहे. हार्डवेअरच्या दुकानातलं काहीही न कोरलेलं नको
- चाकाखाली सरकवायच्या फळ्या, फावडं, कोयता, जाड हातमोजे
- जॅकखाली ठेवायला दीड फूट चौरस जाड प्लायवूड. लाल मातीत नुसता जॅक खाली जातो, गाडी वर येत नाही
- बॅटरीला क्लिप लावून चालणारा हवेचा पंप आणि हवा मोजायचं गेज
- टायरचं पंक्चर किट, प्रथमोपचार पेटी, टॉर्च

कायनेटिक दोर झटक्याने ओढायला चालतो, रुंद पट्टा चालत नाही. दोन्हींचा रंग वेगळा घ्या, म्हणजे अंधारात चूक होणार नाही. ओढताना दोराच्या मधोमध ओलं गोणपाट टाका, म्हणजे तुटलाच तर उसळी कमी होते. मुलं आणि बघे दोराच्या लांबीच्या दीडपट दूर. आपल्याकडे गाडी अडकली की अख्खी वाडी मदतीला येते, ही फार मोठी गोष्ट आहे; पण आलेले लोक नेमके दोराशेजारी उभे राहतात. त्यांना नम्रपणे, पण आधी हटवा.

ओढायला झाड निवडताना माड आणि पोफळ टाळा. त्यांची मुळं तंतूंची असतात, सोटमूळ नसतं, आणि आडव्या ओढीला ती भरवशाची नाहीत. जुना आंबा, फणस किंवा ऐन बघा आणि पट्टा बुंध्याच्या अगदी तळाशी घ्या. आंबा कुणाच्या तरी बागेतला असणार, तेव्हा मालकाला विचारूनच. साल सोलली गेली तर कलमाचं नुकसान वर्षानुवर्षं राहतं.

हे सगळं घट्ट बांधून ठेवा. डिकीत मोकळं पडलेलं शॅकल जोराच्या ब्रेकला मागच्या सीटवरच्या मुलाच्या डोक्यापर्यंत येतं. मी मागच्या सीटमागे जाळी लावली आणि जड पेटी जमिनीलगत पट्ट्याने आवळली. हजार-बाराशे रुपयांचं काम आहे, पण यादीत मी ते टायरच्याही वर धरतो.

४. टायर आणि त्यातली हवा

गाडीच्या वागण्यात सगळ्यांत मोठा फरक टायरने पडतो. निवड ऑल-टेरेन आणि मड-टेरेन यांत असते. घरच्या गाडीला ऑल-टेरेनच घ्या, असं माझं ठाम मत आहे. मड-टेरेनचे मोठे ठोकळे चिखलात छान चावतात, पण ओल्या डांबरावर त्यांचा जमिनीशी स्पर्श कमी पडतो आणि ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत आंबा किंवा फोंडा घाट उतरताना, मागे आई-वडील बसलेले असताना, मला डांबरावरची पकड हवी असते.

माप वाढवण्याचा मोह सगळ्यांना होतो. जिम्नीच्या १९५/८० आर-१५ (रुंदी मिलिमीटरमध्ये, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) टायरचा बाहेरचा व्यास ६९३ मिलिमीटर येतो. २१५/७५ आर-१५ घातला तर ७०३.५. वाढलेल्या व्यासाचा निम्मा भागच उंचीत मिळतो, म्हणजे जेमतेम ५ मिलिमीटर. २३५/७५ आर-१५ने २० मिलिमीटर मिळतात, पण मीटरचा आकडा सहा टक्क्यांनी मागे पडतो, चढावर गिअर जड होतो आणि पूर्ण वळवल्यावर टायर घासू शकतो. शिवाय वर सांगितलेला कायद्याचा प्रश्न उभा राहतो.

थारवाल्यांना यापेक्षा चांगला मार्ग आहे. कंपनीनेच या गाडीला २४५/७५ आर-१६ आणि २५५/६५ आर-१८ अशी दोन मापं दिली. १८ इंची चाक रुबाबदार दिसतं, पण त्याच्या टायरची बाजूची भिंत १६६ मिलिमीटर आहे, आणि १६ इंचीची १८४. हवा कमी केल्यावर टायर याच भिंतीतून दबतो आणि दगडाला मिठी मारतो. म्हणजे वाटेवर लहान रिम जास्त कामाचं. बदलण्याआधी तुमच्या गाडीच्या ब्रेकवर ते बसतं का, ते बघून घ्या. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो, त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको आणि स्टेपनीही त्याच मापाची हवी.

आता हवा. यात एक पैसा खर्च नाही आणि तरी बहुतेक जण हे करत नाहीत. चालकाच्या दारावरच्या स्टिकरवरचा आकडा डांबरासाठी आहे. खडकाळ वाटेला २२ ते २४ पीएसआय, मऊ चिखलाला १६ ते १८. पंधराच्या खाली साध्या रिमवर जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटतो. कमी हवेवर वेग तीसच्या आत, आणि डांबराला लागण्याआधी पुन्हा भरायची. म्हणूनच पंप सामानाच्या यादीत आहे. बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा स्वस्त पंप मोठ्या टायरला फ्यूज उडवतो.

पहिल्या पावसानंतरची पाणंद घ्या, दोन्ही बाजूंना गडगे (दगडी बांध), मध्ये जांभ्यावर बोटभर लाल माती. गाडी चढायला लागते, चार फेऱ्यांत टायरच्या खाचा मातीने भरतात आणि चाक जागच्या जागी फिरायला लागतं. इथे अॅक्सिलरेटर दाबला की गाडी आडवी होऊन गडग्याला टेकते. थांबा. फोर-लो पहिल्या गिअरात, दहा हात मागे, हवा १८वर आणा, आणि इंजिन जेमतेम बंद पडणार नाही इतक्या वेगाने सरळ चढा. शेवाळ धरलेला काळपट जांभा दिसला तर मात्र कोणताही टायर चालत नाही. तिथून परत फिरा.

५. पोटाखालचं संरक्षण

एक मोसम झाला की खर्च कुठे करायचा, ते गाडीच दाखवते. सोपी युक्ती: वाटेवर जाण्याआधी पोटाखालच्या सखल जागांना, म्हणजे गिअरबॉक्सच्या आडव्या पट्टीला, डिफरन्शियलच्या फुगीर भागाला, डिझेलच्या टाकीच्या प्लेटला, चुन्याचे पट्टे ओढा. परत आल्यावर टॉर्च घेऊन खाली झोपा. जिथला चुना खरवडला, तिथे प्लेट. जिथला शाबूत, तिथे पैसे वाचवा.

४ मिलिमीटर पोलादी किंवा ६ मिलिमीटर अॅल्युमिनियमची प्लेट पुरते. ऑइल काढण्यासाठी भोक ठेवायला सांगा, नाहीतर प्रत्येक सर्व्हिसला प्लेट उतरवावी लागते. दारांखालच्या बाजूच्या नळ्या चेसिसला बोल्टने बसवलेल्या हव्यात, पत्र्याला नाही.

एक धोका आपल्या सड्यांचा खास आहे. डिसेंबरनंतर सड्यावरचं गवत वाळून कमरेएवढं उभं असतं. ते प्लेट आणि सायलेन्सरच्या मध्ये गोळा होतं. बीएस-६ डिझेल गाडीचा फिल्टर स्वतःला साफ करताना सायलेन्सर भयंकर तापतो, आणि मग गाडीसकट सडा पेटतो. वाळल्या गवतात गाडी उभी करू नका, दर तासाभराने खाली हात घालून गवत काढा, आणि गाडीत एक अग्निशामक नळकांडं ठेवाच.

६. उंची

सगळ्यांना हीच आधी हवी असते, म्हणून स्पष्ट सांगतो. सस्पेन्शनने गाडी उचलली की बॉडी आणि चेसिस वर जातात. अखंड अॅक्सलवरचा डिफरन्शियल जिथे होता तिथेच राहतो. त्याला वर नेतो फक्त टायर. तेव्हा दगड जर मागच्या डिफरन्शियलला लागत असेल, तर स्प्रिंगवर घातलेला पैसा वाया.

पुढचा बंपर किंवा मधलं पोट वारंवार टेकत असेल, तर ४० ते ५० मिलिमीटरपर्यंत विचार करा, त्यापुढे नाही. जिम्नीला दोन्हीकडे अखंड अॅक्सल आहेत. उंची वाढली की अॅक्सल किंचित एका बाजूला सरकतो आणि स्टिअरिंग हलकं, भटकं होतं. ते दुरुस्त करायचे बुश त्याच वेळी टाकून घ्या. थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथे जास्त उंचीने दांड्यांचे सांधे तिरके होऊन रबरी बूट फाटतात. स्प्रिंगांवर नुसते ठोकळे ठेवून उंची देणाऱ्याकडे जाऊ नका. स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बदलतात आणि नंतर अलाइनमेंट करतात.

आणि आजीचा विचार करा. दोन इंच वर गेलेल्या पायरीवर ती चढणार कशी? उंच गाडी वळणावर जास्त कलते, मागे बसलेल्यांना ओकाऱ्या होतात, आडव्या उतारावर उलटण्याची भीती वाढते. छतावर पेट्या आणि स्टेपनी चढवली तर आणखीच.

७. पाणी

पऱ्या ओलांडण्याआधी स्वतः चालून बघा, हातात काठी घेऊन. गुडघ्याच्या वर पाणी असेल किंवा प्रवाहात पाय ठरत नसतील, तर गाडी घालू नका. पाणी गढूळ असेल आणि डोंगरावर पाऊस चालू असेल, तर पाच मिनिटांत पातळी बदलते. साकव बुडालेला दिसला की विषय संपला.

स्नॉर्केलने (इंजिनासाठी उंचावरून हवा घेणाऱ्या नळीने) फक्त इंजिनात पाणी जाणं टळतं. दारातून आत येणारं पाणी, वायरिंग आणि वाहून जाणारी गाडी यांवर त्याचा इलाज नाही. त्याआधी अॅक्सल आणि गिअरबॉक्सच्या श्वासनळ्या वर न्या. हे काम कोणताही चांगला मेस्त्री काही शे रुपयांच्या पाइपात करून देतो. तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. पाण्यातून आल्यावर ऑइलचा बोल्ट थोडा सैल करून बोटावर थेंब घ्या. मधासारखा असेल तर ठीक. दुधाळ पांढरा दिसला तर त्याच आठवड्यात ऑइल बदला.

खारं पाणी पूर्ण वर्ज्य. खाडीकाठच्या खाजणात ओहोटीला कडक दिसणारी जमीन सहा तासांत पाण्याखाली असते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी आणखी वर येतं.

८. गंज

किनाऱ्याजवळ राहणाऱ्याने हे बाकी सगळ्याआधी वाचावं. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ फेरीवर चढताना-उतरताना चाकांवर खारं पाणी येतंच. त्याच दिवशी गोड्या पाण्याने पोट धुवा, विशेषतः प्लेटच्या वरची बाजू, कारण तिथे मीठ आणि लाल माती मिळून लोखंड खातात. पावसाळ्याआधी गंजरोधक कोटिंग. जळकं ऑइल फासू नका. ते ब्रेकवर आणि रबरी बुशांवर जातं. नवीन बसवलेल्या कंसांच्या वेल्डिंगला रंग लागलाय का, तेही बघा.

९. विंच, दिवे

बहुतेक घरांना हे लागत नाही. दोन गाड्या सोबत जात असतील तर दोर पुरतो. विंच घ्यायचाच झाला, तर क्षमता भरलेल्या गाडीच्या दीडपट: सव्वादोन टनांच्या गाडीला साडेतीन टनांच्या आसपास. दोर पोलादी नको, सिंथेटिक घ्या. पुढे वजन वाढतं, त्यामुळे स्प्रिंगाही बघाव्या लागतात. जादा दिव्यांना वेगळा फ्यूज आणि रिले लावा. रस्त्यावर ते झाकलेले आणि बंदच हवेत.

१०. कुठे न्यायची, कुठे नाही

पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूवर) नाही. आंजर्ले, वेळास, गुहागर, वायंगणी अशा किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात, वाळूत हातभर खोल. वरून चाक गेलं तरी चालकाला कळत नाही. हे कासव १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. शिवाय भरतीत अडकलेल्या गाडीवर पोलीस गुन्हा नोंदवतात.

सड्यावर मळलेली वाट सोडू नका. बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे, कुडोपी इथली कातळशिल्पं २०२२पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, आणि न नोंदलेली अजून कितीतरी मातीखाली आहेत. टायरखाली फुटलेली रेघ परत येत नाही. त्याच सड्यावर सोडून दिलेल्या चिरेखाणी असतात, सरळ कापलेल्या भिंतींच्या, कठडा नसलेल्या. पावसानंतर गवत काठापर्यंत वाढतं आणि काठ दिसतच नाही. अनोळखी सड्यावर एकाने पुढे चालत जावं.

फणसाड अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका. देवरहाटीत (देवाच्या राखीव रानात) गाडी नाहीच. बाकी जमीन ओसाड दिसली तरी कुणाची तरी असते, सातबाऱ्यावर एकेका तुकड्याला डझनभर भाऊबंद. वाडीत थांबून विचारा; बहुतेक वेळा वाट दाखवायला कुणी सोबतही येतं. बेडं (वाटेवरचं फाटक) उघडलंत तर मागून लावा, नाहीतर गुरं भाताच्या मळ्यात जातात.

निघण्याआधी वाट आणि परतायची वेळ घरी सांगा, नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. परत आल्यावर पोट धुवून झालं की नवीन बसवलेल्या प्रत्येक भागाचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा, आणि दोनशे किलोमीटरनंतर आणखी एकदा.